दर मैलाला एक दार

भिंत बघायला गेल्यावर रणपिसे भिंतीकडे बघत नसत. ते दार शोधत.

इंग्लंडच्या उत्तरेला, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, रोमन लोकांनी बांधलेली एक भिंत आहे. ज्या बादशहाने हुकूम सोडला त्याच्या नावाने ती ओळखली जाते, हेड्रियनची भिंत. दगड वाहणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. त्र्याहत्तर मैल. आता बरीचशी नाहीशी झाली आहे, कारण पुढच्या पिढ्यांनी तिच्या दगडांतून शेतघरं, गोठे, चर्च आणि एक सरकारी रस्ता बांधला. उरली आहे ती कुठे कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी. लोक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि पलीकडच्या धुक्याकडे असं बघतात, की आत्ता तिकडून हल्ला येणार आहे. तिकडून बहुतेक वेळा मेंढ्या येतात.

दर मे महिन्यात नामदेव रणपिसे लंडनच्या हाउन्सलोहून एक कोच भरून मराठी माणसं तिथे नेत. वाटेत कॉव्हेंट्रीला थांबून आणखी काही घेत. कोचमध्ये डबे उघडायला परवानगी असे, भाषणाला नसे. भिंतीच्या कडेने दर रोमन मैलाला, तो आपल्या मैलापेक्षा जरा आखूड, एक लहानशी चौकी होती आणि प्रत्येक चौकीला पलीकडे उघडणारं दार होतं. त्यातलं एक बऱ्यापैकी टिकलेलं दार रणपिशांचं खास. कोचमधली माणसं चिखल तुडवत तिथे पोचली, की ते दारात एक हात आडवा धरून उभे राहत आणि घोगऱ्या आवाजात प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत.

"कुठून आलात? काय कामाने? परत कधी जाणार?"

"एजवेअरहून आलो. बायकोने पाठवलं. ती बोलावेल तेव्हा जाईन," असं काहीतरी कुणी म्हणे. चांगल्या उत्तराला शेंगदाण्याची चिक्की मिळे. वाईट उत्तरालाही मिळे. मग ते हात खाली घेत आणि सगळ्यांना एकदा दारातून पलीकडे जाऊन परत यायला लावत. "जाऊन या. कागद लागत नाही."

रणपिसे या फेब्रुवारीत गेले. शोकसभेत सहा जणांनी त्यांना बहुआयामी म्हटलं. एकाने तर ते दीपस्तंभ असल्याचं सांगितलं; ते साडेपाच फूट होते. कपाटात सहा वर्षं ठेवलेल्या बुटांबद्दल कुणी बोललं नाही. खरं तर ते फक्त मलाच माहीत होतं, आणि त्या बुटांच्या बाबतीत माझाही थोडा हात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी हाउन्सलोच्या लायब्ररीत होते, तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. आधी कॉव्हेंट्रीला कारखान्यात, मग पंचवीस वर्षं विमानतळावर, हरवलेल्या सामानाच्या खात्यात. त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"लायब्ररीबाई, यात भिंतीची रुंदी आहे, उंची आहे, दगड कुठल्या खाणीतला तेही आहे. तिथे पहाऱ्याला उभा राहणारा माणूस कुठला, ते नाही."

मी दुसरं पुस्तक दिलं. ते आठवड्याने परत आलं, आणि आत बॅगांना लावायचे कोरे टॅग खुणेसाठी घातलेले. प्रत्येक टॅगवर एक प्रश्न. 'पगार वेळेवर होत होता का?' 'बायको आणायची परवानगी?' 'पहाऱ्यावर पाय भिजल्यावर काय करायचे?' मला वाचकांच्या खुणा काढून टाकायची सवय आहे. हे टॅग मी ठेवून दिले.

"तुमच्या गावाला वेस होती का?" त्यांनी एकदा विचारलं.

"मी पुण्याची," मी म्हटलं.

"पेठेलाही असते. तुम्ही आतल्या, म्हणून दिसली नसेल."

यात राग नव्हता. हवापाण्याबद्दल विचारावं तसं ते बोलले आणि पुढचं पुस्तक मागितलं.

त्यांचे वडील माण तालुक्यातल्या एका गावचे येसकर होते. सकाळी गावाची वेस उघडायची, संध्याकाळी बंद करायची, अनोळखी माणसाला हटकायचं, हे त्यांचं पिढीजात काम. गावाची शीव कुठून कुठे जाते हेही येसकरालाच पाठ. दोन गावांत हद्दीवरून भांडण लागलं, की दोन्हीकडचे पागोटेवाले गप्प बसत आणि रणपिशांचे वडील बोट दाखवतील तो दगड खरा धरला जाई. भांडण मिटलं, की पागोटी वेशीतून आत जात आणि येसकर आपल्या घरी, म्हणजे वेशीबाहेर, परत येई.

"दार राखायचं त्यानं, आणि राहायचं दाराबाहेर," रणपिसे म्हणत. "मी या रोमन शिपायाला उगाच ओळखत नाही."

आई लवकर गेली. अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या अक्काने त्यांना वाढवलं. ती बापाला भाकरी घेऊन जायची आणि त्याच्या मागोमाग शिवेवरून चालायची, त्यामुळे सगळे दगड तिलाही पाठ झाले. नामदेव शाळेत गेला, कारण अक्का गेली नाही. लग्न झालं, नवरा वर्षभरात वारला, ती परत आली आणि पुन्हा गाव सोडून कुठे गेली नाही.

या माणसाला समारंभ सोसत नसे. दहाव्या सहलीनंतर इथल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गळ्यात साखळी घातलेले मेयर, आणि रणपिशांची 'भिंतमहर्षी' अशी ओळख. हॉलचं हीटिंग बंद पडलं होतं. रणपिशांनी माइक घेतला. "महर्षी म्हणू नका. मी लोकांच्या बॅगा शोधायचो. जय भीम." मग अंगावरची शाल काढून त्यांनी कुडकुडणाऱ्या मेयरच्या खांद्यावर घातली. मेयरनी ती कार्यक्रम संपेपर्यंत सोडली नाही, आणि त्या संध्याकाळी स्टेजवर तेवढाच एक माणूस मनापासून कृतज्ञ दिसत होता.

पाया पडणाऱ्यांना तर ते आडवे हात करत. "पाय कशाला धरता? हात धरा. चढावर उपयोग होईल." ते स्वतःही कुणापुढे वाकत नसत, विहारात भन्तेजींना दुरून हात जोडत तेवढंच. "एकच बाई आहे जिच्या पायाला मी हात लावीन," असं मला म्हणाले होते. "आणि ती लावू देत नाही. पाय मागे घेते."

रविवारी सकाळी ते अक्काशी व्हिडिओवर बोलत. फोन गावाकडचा चुलत पुतण्या धरायचा, त्यामुळे अक्काचं अर्धं कपाळ आणि बरंचसं छप्पर दिसे. एका सहलीहून आल्यावर त्यांनी तिला भिंत दाखवली. मी त्यांच्याकडे पुस्तक द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"एवढुशी?" अक्का म्हणाली. "म्हस सुदिक उडी मारंल."

"तेव्हा उंच होती गं. पंधरा फूट."

"बरं. मग वेशीभायेर कोन ऱ्हायचं?"

रणपिशांनी फोन ठेवला. सोमवारी लायब्ररी उघडायच्या आधीच ते दाराशी उभे होते. इतकी वर्षं वाचतोय, म्हणाले, आणि हा प्रश्न आपल्याला पडला नाही.

आम्ही दोघांनी शोधलं. उत्तर पुस्तकांत होतं, पण मागच्या प्रकरणांत. भिंतीलगतच्या प्रत्येक किल्ल्याच्या तटाबाहेर वस्ती होती: दुकानं, खानावळी, शिपायांच्या बायका, मुलं, म्हातारे झालेले शिपाई. शिपाई रोमचे नव्हतेच. कुणी सिरियाचा तिरंदाज, कुणी आज जिथे बेल्जियम आहे तिथला, कुणी डॅन्यूब नदीकडचा. ज्या राज्याची हद्द राखायची त्याचं नागरिकत्व त्यांना नव्हतं. ते मिळायचं पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर, ब्राँझच्या पत्र्यावर कोरून.

"पंचवीस," रणपिसे म्हणाले. "माझीही पंचवीस. त्यांना पत्रा, मला निरोपाला पेन."

त्यानंतर किल्ल्यावर रोमन शिपायाचा पोशाख करून उभा असलेला एक तरुण त्यांना भेटला. त्याने भाला आडवा करून दरडावलं. रणपिशांनी त्याची किती वर्षं झाली विचारलं. तो गोंधळला, तो लीड्सचा होता, एरवी विमे विकायचा. "पंचवीस पुरी कर," त्याच्या लोखंडी खांद्यावर थोपटून ते म्हणाले. "आणि पत्रा जपून ठेव. पुढे मुलांना विचारतात."

त्यांचं स्वतःचं एक म्हणणं तयार झालं होतं. शाळेच्या पुस्तकात लिहितात तसं ही भिंत रानटी लोकांना अडवायला नव्हती. अडवायचंच असतं तर ऐंशी दारं कशाला ठेवली असती? भिंत होती माणसं मोजायला, वाटेला लावून द्यायला, कोण आला कोण गेला हे कळायला. बादशहाने जगाला दाखवलेली ती रेघ होती, पण जाऊ-येऊ देणारी. दाराचं महत्त्व भिंतीपेक्षा मोठं. मला हे पटलं होतं. मोठमोठ्या अभ्यासकांचंही मत त्याच्या आसपासचं आहे. त्यांनी ते उत्साहाने अक्काला सांगितलं.

"दार आलं की राखनदार आला," छपराखालून आवाज आला. "राखनदार आला की तो इचारनार. आपला बा काय करायचा? भिताड कुठं व्हतं आपल्या गावाला, निस्ती वेस. भायेरचा मानूस भिताडाला भीत न्हाई, नामा. इचारन्याला भितो."

रणपिसे माझ्याकडे वळून म्हणाले, "झाली का पंचाईत? पंधरा वर्षांचा अभ्यास."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, अक्काला भिंतीवर आणायचं. बाकी कुणालाही दाखवली ती बघायला दाखवली. हिला दाखवायची ती हिचं मत विचारायला.

भिंतीजवळच्या एका संग्रहालयात चिखलातून निघालेली चामड्याची पादत्राणं ठेवली आहेत, हजारोंनी. रणपिसे तिथे सर्वांत जास्त रेंगाळत. शिपायांचे जोडे सोडून बायकांच्या चपलांपाशी. "बघा, टाच कशी झिजलीय. बाई उजव्या पायावर भार देत होती." तिथूनच बहुधा त्यांना सुचलं. त्यांनी पुतण्याला सांगितलं आणि येणाऱ्या कुणाबरोबर एक वर्तमानपत्र आलं. त्यावर पेन्सिलीने काढलेलं अक्काचं पाऊल. पुढून पसरट, टाच रुंद, अंगठा बाकी बोटांपासून फटकून. ती घडी घेऊन ते तीन दुकानं फिरले. शेवटी पाच नंबरचे, रुंद मापाचे, तपकिरी बूट मिळाले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. त्या मेमध्ये कोचमधली चार नंबरची सीट रिकामी ठेवली होती आणि तिच्यावर बुटांचं खोकं होतं.

"इथे कोण आहे?" कुणी विचारलं.

"पॅसेंजर येतोय," रणपिसे म्हणाले.

व्हिसाचा अर्ज भरायला त्यांनी मला हाक मारली, कारण माझं इंग्रजी. हाउन्सलोच्या एका एजंटने आधीच सल्ला दिला होता: म्हातारी परत जाईल असं दाखवायचं, पुतण्याची थोडी जमीन तिच्या नावावर करायची, घराचा उतारा जोडायचा, सगळे करतात.

"अक्काच्या नावावर खोटी जमीन?" रणपिसे मला म्हणाले. "दुसऱ्यांच्या जमिनीची हद्द आयुष्यभर खरी सांगितली तिनं."

आमच्या पिढीतल्या काही माणसांचा अर्जावर फार विश्वास. नीट लिहिलेला, खरा, सविस्तर अर्ज वरच्या माणसाने वाचला, की न्याय होणारच. बरोबर जोडायचं पत्र रणपिशांनी मला मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत करत टाइप केलं. सहा पानं. त्यातली चार भिंतीबद्दल. बहिणीने का यावं, तर तिचा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिने स्वतः जागेवर जाऊन बघायला हवं. पाचव्या पानावर, ती परत का जाईल, या मुद्द्याखाली त्यांनी सांगितलं: हिच्या नावावर जमीन नाही, घर नाही, मूलबाळ नाही. ज्या गावाने हिला वेशीबाहेर ठेवलं, त्या गावाखेरीज परत जाण्यासारखं हिच्याकडे काही नाही. तरी ती परत जाईल, कारण तिने दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही.

"हे वाक्य काढू या," मी म्हटलं.

"खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

मी तीस वर्षं कौन्सिलच्या नोकरीत काढली होती. फॉर्ममध्ये खऱ्याचं काय होतं हे मला माहीत होतं. मी अडून बसायला हवं होतं; त्यांनी माझं ऐकलंही असतं. पण ते वाक्य इंग्रजीत फार चांगलं उतरलं होतं. दुसऱ्यांच्या अलंकारिक भाषणांना आयुष्यभर हसले, आणि माझं एक वाक्य सुरेख झालं म्हणून मी ते ठेवलं.

अक्का पुतण्याबरोबर शहरात जाऊन बोटांचे ठसे देऊन आली. पाच आठवड्यांनी नकार आला. अर्जदाराच्या नावावर जमीन, घर नाही, अवलंबून असणारं कुणी नाही, हे पत्रातच नमूद आहे; मुदत संपल्यावर ती देश सोडून जाईल याची खात्री पटत नाही. आमच्या पाचव्या पानाचा हवालाही दिला होता. माझं एकही इंग्रजी वाक्य त्याआधी कुणी इतक्या काळजीने वाचलं नव्हतं.

"चूक माझी आहे," मी रणपिशांना म्हटलं.

त्यांनी पत्राची प्रत पुन्हा एकदा वाचली. "स्पेलिंगची तर एकही नाही," ते म्हणाले आणि घडी घालून ठेवून दिली.

पुन्हा अर्ज करू, या वेळी एजंटचं ऐकू, असं मी सुचवलं. त्यांनी अक्काला विचारलं.

"नगं आता, नामा. दारावरच्यानं इचारलं, म्या खरं सांगितलं. आपल्या बाला खरं बोलनारा मानूस येकदा बघून वळकू यायचा. ह्यास्नी निस्तं इचारता येतं, आयकता येत न्हाई."

त्यानंतरच्या मेमध्ये सहल निघाली. खोकं चार नंबरवर होतं. पण दाराशी पोचल्यावर रणपिशांनी हात आडवा धरला नाही. लोक हसत, उत्तरं जुळवून उभे होते. ते बाजूला झाले. चिक्की सगळ्यांना वाटली. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच, आणि त्याच्या पुढची दोन-तीन वर्षंही. नवे लोक येत, त्यांना जुने सांगत, इथे पूर्वी हे प्रश्न विचारायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत अक्का गेली. रणपिसे मिळेल त्या विमानाने निघाले, पण पोचले ते अंत्यसंस्कारानंतरच्या जलदानविधीला. ते परत आल्यावर मी भेटायला गेले तर ते बूट पुसत बसले होते. चामडं न वापरता ठेवलं तर कडक होतं, एवढंच म्हणाले.

मेमध्ये मला वाटलं सहल होणार नाही. झाली. खोकं जागेवर होतं. एजवेअरचा निकम नावाचा आयटीतला मुलगा आईला घेऊन आला होता. ती सांगलीची, पहिल्यांदाच आलेली, नऊवारी नव्हे तर सलवार-कमीज आणि वर मुलाचं जॅकेट, पायात मोज्यांवर चपला. सकाळपासून रिमझिम होती. कोच थांबला, दार उघडलं, खाली सगळा चिखल.

"आई, तू बसून राहा," मुलगा म्हणाला. "यू विल स्लिप."

"एवढ्या लांब येऊन बसून राहू?"

रणपिसे चार नंबरपाशी गेले. खोकं उघडलं.

"ताई, हे घालून बघा."

"अहो, हे तर नवेच आहेत. कुणाचे?"

"सामान आहे. मालक आला नाही."

मुलाने घाईघाईत बुटांच्या नाड्या बांधल्या. ती दोन पावलं टाकून बघत म्हणाली, "माझ्याच मापाचे आहेत जणू." रणपिसे पुढे चालू लागले. सगळा चढ ते कुणाचा हात न धरता चढले, आणि मागे वळून पाहिलं नाही.

दाराशी लोक एकेक करून पलीकडे गेले. दोन पावलांवर उतार सुरू होतो, त्यामुळे सगळे तिथेच घोळका करून वाऱ्यात उभे राहिले. निकमांच्या आई शेवटी होत्या. मी त्यांच्या मागे. त्या दारात येऊन थांबल्या.

"विचारा की," त्या रणपिशांना म्हणाल्या. "बसमध्ये बायकांनी सांगितलंय मला. तुम्ही काहीतरी विचारता म्हणे."

रणपिशांचा हात थोडासा वर आला, पुरता आडवा झालाच नाही.

"परत कधी जाणार?"

"वीस तारखेचं तिकीट आहे," त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "तिकडे तरी कोण बसलंय माझं? पण जायचं म्हणजे जायचं. सांगून आलेय."

रणपिशांनी हात खाली घेतला. त्यांना पुढे जाऊ देण्यासाठी ते सरकले, आणि तेव्हा त्यांना दिसलं, डाव्या बुटाची नाडी सुटून चिखलात लोळत होती. ते खाली बसले. एक गुडघा उंबऱ्याच्या दगडावर, दुसरा चिखलात.

"अहो, हे काय, पायाला हात नका लावू, मोठे आहात तुम्ही," त्या संकोचून म्हणाल्या. पण त्यांनी पाय मागे घेतला नाही. दाराच्या कडेला धरून त्या तोल सांभाळत होत्या.

रणपिशांनी नाडी पुसली, ओढून घट्ट केली, दुहेरी गाठ मारली. मग उजव्या बुटाचीही सोडून पुन्हा बांधली. ती सुटलेली नव्हती. "बोटांना जागा आहे ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आहे, आहे."

पलीकडून कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं. निकमांच्या आईने त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, यांना उठवा ना," त्या हळूच म्हणाल्या.

मी जागची हलले नाही. गाठ बसली होती. त्यांचे दोन्ही हात अजून बुटांवरच होते.